दूरदेशीचे गाणे आणि घरातला तंबोरा

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखक चाळिशीतील असून पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरात सहकारी बँकेत नोकरी करतात. त्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षे गाण्याच्या शिकवण्या घेतल्या. घरात मिरजेचा तंबोरा आहे आणि पत्रलेखकांचे बालपण रियाजाच्या आवाजात गेले आहे. टाळेबंदीच्या दिवसांत त्यांना रात्री हेडफोन लावून जगातील अपरिचित संगीत ऐकण्याचा नाद लागला. सायबेरियाच्या दक्षिणेकडील तुवा प्रांताचे कंठगायन (एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन सूर काढणारे गाणे), इंडोनेशियातील बाली बेटाचे गमेलान (काशाच्या आघातवाद्यांचा मेळ), इथिओपियाचे जुने जाझ, कॉकेशस पर्वताकडच्या जॉर्जिया देशाचे समूहगान असे करता करता त्यांच्या यादीत दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे साठली आहेत. त्यांपैकी बहुतेक त्यांनी मिनिटभरच ऐकली आहेत. गाडीत हे संगीत लागले की त्यांची चौदा वर्षांची मुलगी कानात बोटे घालते. गमेलान ऐकून वडील म्हणाले, ‘ही भांडी एकमेकांशी जुळलेलीच नाहीत,’ आणि कंठगायन ऐकून म्हणाले, ‘हा माणूस गळा खराब करून घेतोय.’ पत्रलेखकांचे प्रश्न असे आहेत : माझी आवड खरी आहे, की इतरांना ठाऊक नाही म्हणूनच मला हे प्रिय वाटते? घरचे गाणे सोडून मी परक्याच्या दारात जाऊन बसलो आहे का? आणि हे सारे आयुष्यभर एकट्यानेच ऐकायचे का?

उत्तर :

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘ही भांडी एकमेकांशी जुळलेलीच नाहीत,’ हे वडिलांचे वाक्य तुम्ही नकार म्हणून नोंदवले आहे आणि पुढे ‘त्यांना यातले काही ऐकूच येत नाही’ अशी पुस्तीही जोडली आहे. मला ते नेमके उलट वाटते. तुमच्या घरात गमेलान सर्वांत नीट कोणी ऐकले असेल, तर ते त्यांनीच.

बालीच्या गमेलानात काशाच्या पट्ट्यांची वाद्ये जोडीने घडवली जातात आणि जोडीतल्या एका वाद्याचा प्रत्येक स्वर दुसऱ्यापेक्षा किंचित चढा ठेवलेला असतो. दोन्ही वाद्यांवर एकाच क्षणी आघात झाला की त्या सूक्ष्म फरकामुळे नाद स्थिर राहत नाही, तो थरथरत, लहरत राहतो. तिथले लोक या थरथरीला ‘ओंबक’, म्हणजे लाट, म्हणतात. ही लाट नसेल तर त्यांना वाद्य निर्जीव वाटते. आता तुमच्या वडिलांनी आयुष्यभर काय केले ते आठवून पाहा. तंबोऱ्याची जोड, म्हणजे एकाच सुराच्या मधल्या दोन तारा, मिळवताना त्या तारांमधली हीच लाट ते कानाने शोधत आले, आणि तारेतला मणी केसभर सरकवत, ती मंद होत होत पूर्ण विरेपर्यंत त्यांनी तार सोडली नाही. लाट विरली की जोड मिळाली, हा त्यांचा कायदा. जी गोष्ट घालवण्यासाठी त्यांनी चाळीस वर्षे कान तयार केला, तीच गोष्ट बालीचा कारागीर काशाची पट्टी घासून घासून मुद्दाम आणतो. वडिलांना जे ऐकू आले ते तंतोतंत खरे होते. ती चूक नसून तो हेतू आहे, एवढी एकच माहिती त्यांच्यापाशी नव्हती, आणि ती तुमच्यापाशी तरी होती का, असे मी तुम्हाला आपुलकीने विचारते.

याच ओघात आणखी एक सांगते. गमेलानाचा प्रत्येक संच स्वतःपुरता जुळवलेला असतो, एका संचातले वाद्य दुसऱ्यात नेऊन वाजवले तर ते बसेलच असे नाही. त्यांच्या दोन स्वरव्यवस्थांपैकी ‘स्लेंद्रो’ ही सप्तकाचे साधारण सारख्या अंतराचे पाच भाग करते, त्यामुळे त्यातील स्वर पेटीच्या पट्ट्यांच्या अधेमधे पडतात. पेटीवर बोट ठेवून ‘हा कोणता स्वर’ असे शोधू लागलात तर तुमची नुसती चिडचिड होईल. मी स्वतः पहिल्यांदा ऐकले तेव्हा पाच मिनिटांत बंद केले होते. कितीतरी महिन्यांनी, जोडीच्या वाद्यांविषयी कळल्यानंतर, पुन्हा लावले, तेव्हा मी सुरांच्या मागे न धावता त्या लाटेकडे कान दिला आणि मग उठवेना.

वडिलांचे दुसरे वाक्यही असेच अनुभवाचे आहे. तुवाच्या कंठगायनाला तिथे ‘खूमेई’ म्हणतात आणि त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील ‘करगिरा’ या प्रकारात नेहमीच्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या, एरवी गाताना बाजूला राहणाऱ्या घड्याही कंप पावू लागतात आणि आवाज एक सप्तक खाली उतरल्यासारखा घोगरा, खोल होतो. ज्यांनी शेकडो मुलांचे गळे जपले, त्यांना या आवाजात पहिल्यांदा इजाच ऐकू येणार. त्यांची काळजी अगदी निराधारही नाही. तुवातील गायक लहानपणापासून, जाणत्यांचे ऐकत, हळूहळू हा आवाज कमावतात. तुम्ही पत्राच्या शेवटी ‘कधीकधी रात्री करूनही पाहतो’ असे ओझरते लिहिले आहे, म्हणून स्पष्ट सांगते : घशावर दाब देऊन करगिराची नक्कल करू नका. घसा दुखला, खाकरावेसे वाटले किंवा सकाळी आवाज बसला तर ताबडतोब थांबा. शिकायचेच असेल तर ते येणाऱ्या माणसाकडून शिका, चित्रफिती पाहून नव्हे.

आता तुम्ही सहज गृहीत धरलेल्या एका शब्दाकडे येते. तुम्ही या संगीताला सतत ‘अपरिचित’ म्हणता. अपरिचित कोणाला? तुवाची राजधानी किझिल इथल्या मुलाला खूमेई अपरिचित नाही, त्याच्या आजोबांनी ती गुरे राखताना म्हटलेली असते. बालीतील खेड्यात देवळाच्या उत्सवाला गमेलान वाजते तेव्हा ते तिथे आपल्या सनई-चौघड्याइतके घरचे असते. दुर्मीळपणा त्या संगीतात नाही, तो तुमच्या-माझ्या बसण्याच्या जागेत आहे. १९८७ साली लंडनमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसे एका पबमध्ये जमली आणि दुकानातल्या फळीवर लावायची चिठ्ठी म्हणून त्यांनी ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव ठरवले. विक्रीची सोय म्हणून ते ठीक होते. पण त्या फळीवर इथिओपिया, बुल्गेरिया आणि आपले ख्यालगायन शेजारी शेजारी जाऊन बसले, आणि ऐकणाऱ्याला वाटू लागले की ‘इतर’ नावाचा एक संगीतप्रकार असतो.

त्याच फळीचे एक फार सुंदर रूपही आहे. १९७७ साली अंतराळात गेलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर पृथ्वीवरच्या संगीताचे २७ नमुने आहेत, एकूण सुमारे दीड तासाचे. त्यांत बाख आणि बीथोव्हेन आहेत, जावाचे गमेलान आहे, जॉर्जियातील पुरुषांचे समूहगान आहे, बुल्गेरियातील पहाडी आवाजाचे लोकगीत आहे, जपानी बासरी आहे, आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्यांनी आपले गुरू अल्लादिया खाँसाहेब यांच्याकडे घेतलेली सारी तालीम त्या साडेतीन मिनिटांत ऐकू येते. जॉर्जियातला एखादा श्रोता ही तबकडी लावून बसला, तर त्याच्या दृष्टीने अपरिचित, दूरदेशीचे, कानाला आधी न पटणारे गाणे केसरबाईंचे असेल, आणि त्याचे वडील शेजारच्या खोलीतून काहीतरी बोलतील. त्या माणसाने ‘मी घरचे सोडून परक्याच्या दारात बसलो’ अशी खंत बाळगावी, असे तुम्हाला वाटेल का? तो केसरबाईंपाशी आला याचा तुम्हाला आनंदच होईल.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला इतके सोपे वाटत नाही. ‘हे फक्त मला ठाऊक आहे’ या भावनेत सुख असते आणि ते थोड्याफार प्रमाणात प्रत्येक रसिकात असते. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांत असते, गल्लीतल्या भजनी मंडळाचा चांगला पखवाजी सर्वांत आधी हेरणाऱ्यातही असते. त्या सुखाने आवड खोटी ठरत नाही. ती खरी आहे का, हे ठरवायला मनाची उलटतपासणी करत बसण्यापेक्षा तुमच्या यादीकडेच पाहावे. दोन हजारांपैकी किती रचना तुम्ही दहा-दहा वेळा ऐकल्या आहेत? कोणती चाल आंघोळ करताना आपोआप ओठांवर येते? एखाद्या विलंबित ख्यालाचे पहिले मिनिट ऐकून कोणी ‘ऐकला’ म्हणून खूण केली आणि उठून गेला, तर वडील त्याला काय म्हणतील, हे मी सांगायला नको. तुमची आवड लटकी आहे असे मला वाटत नाही, तिला अजून मुक्काम मिळालेला नाही, एवढेच. तुम्ही दोन हजार घरांची बेल वाजवली आहे आणि दार उघडण्याआधीच पुढे गेला आहात.

म्हणून माझी पहिली सूचना : पुढचे तीन महिने एकच प्रदेश निवडा आणि बाकी यादीला हात लावू नका. ती कुठे पळून जात नाही. त्या प्रदेशातील फार तर पाच-सहा ध्वनिमुद्रणे घ्या आणि तीच पुन्हा पुन्हा ऐका, शक्यतो रोज ठरावीक वेळी. दोन-तीनदा हेडफोन काढून, खोलीत मोकळे लावून ऐका, कारण यातले बहुतेक संगीत मोकळ्या जागेसाठी आणि समोरच्या माणसांसाठी घडलेले आहे.

दुसरी सूचना वाचनाची आहे. हेडफोनमधून तुम्हाला केवळ आवाज मिळतो. कोण गात आहे, कोणासाठी, कोणत्या प्रसंगी, पुढे कोणी नाचत आहे की अंगणात प्रेत ठेवले आहे, हे काहीच कळत नाही. अमेरिकेतील ‘स्मिथसोनियन फोकवेज’ या संग्रहातील ध्वनिमुद्रणांसोबतच्या माहितीपुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. अनेकदा ज्याने गावात राहून मुद्रण केले त्यानेच त्या लिहिलेल्या असतात. आधी एकदा नुसते ऐका, मग पुस्तिका वाचा, मग पुन्हा ऐका. आपल्याकडे संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मांडल्या. मला त्यांचा उपयोग खणात वस्तू ठेवण्यासाठी होत नाही, प्रश्न विचारण्यासाठी होतो. हे गाणे गाणारा आणि ऐकणारा असे दोन पक्ष इथे आहेत का, की सगळेच गात आहेत? ते ऐकण्यासाठी आहे, की काम हलके व्हावे म्हणून आहे? जॉर्जियाच्या समूहगानाला हा प्रश्न विचारून पाहा. मेजवानीच्या टेबलाभोवती तीन आवाजांत गाणारे ते पुरुष कोणाला गाऊन दाखवत नाहीत, ते एकत्र बसल्याची खूण म्हणून गात असतात. मग त्यांच्या स्वरांचे ते खडबडीत घासणे कानाला वेगळे लागते.

इथिओपियाविषयी थोडे सावध करते, कारण आपल्यासारख्यांना तिथे एक सापळा आहे. तिथल्या ‘तिझिता’ या स्वरमालेच्या एका रूपात सा रे ग प ध हे पाचच स्वर येतात आणि आपला कान लगेच ‘भूप राग’ म्हणून मोकळा होतो. ओळख पटल्याचा आनंद खरा आहे, तो जरूर घ्या. पण तिझिता म्हणजे आठवण. त्याच नावाने विरहाची, गेलेल्या दिवसांची गाणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात. गळ्याची थरथर निराळी, न्यासाच्या, म्हणजे स्वरावर विसावण्याच्या, जागा निराळ्या, आणि भूपाचे चलन तिथे शोधू गेलात तर गाणे हातचे जाईल. इथिओपियाचे वादक-संगीतकार मुलातू अस्तात्के यांनी लंडन आणि अमेरिकेत शिकून अशा स्वरमाला जाझच्या वाद्यमेळात आणल्या. त्यांचे १९७०च्या आसपासचे वादन आधी ऐकून मग मागे, एकट्या गायकाच्या तिझिताकडे जावे, असे मी सुचवीन.

मुलीविषयी. गाडीत बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, म्हणून गाडीत लावू नका. चौदा वर्षांच्या मुलीला तिची स्वतःची गाणी आहेत आणि ती तिला तिच्या मैत्रिणींशी बांधतात, हे तुमच्या आवडीइतकेच खरे आहे. आठवड्यातून एकदा तिच्याकडून एक गाणे मागून घ्या आणि पूर्ण ऐका. तिने विचारले तरच तुमचे एक ऐकवा, तेही तीन मिनिटांचे. व्हॉयेजरची तबकडी यासाठी उत्तम आहे, कारण तिच्यासोबत गोष्ट आहे, आणि सूर्यमालेच्या पलीकडे आपल्याकडची भैरवी निघाली आहे हे मुलांना आवडते. ‘किती छान आहे ना’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला मुलांकडे एकच उत्तर असते.

सोबतीसाठी घराबाहेरही पाहायला हवे. घरच्यांनी आपली प्रत्येक आवड वाटून घेतलीच पाहिजे, हेही तुमचे एक गृहीतकच आहे, आणि त्यापायी बायकोवर, मुलीवर, वडिलांवर उगाच भार पडतो. तुमच्या गावात गाण्याचे क्लास आहेत, वाद्ये बनवणारे आहेत, एखादे वाचनालय असेल. महिन्यातून एक संध्याकाळ, चार माणसे, एक तास, एकच प्रदेश, आणि ऐकून झाल्यावर चहा, इतके पुरते. माणसे सुरुवातीला दोनच येतील. आणि एक आवर्जून सांगते, म्हणजे वेगळे ऐकण्यासाठी पारपत्रच लागते असे वाटणार नाही : डहाणू-जव्हारकडे वारल्यांचा तारपा प्रत्यक्ष ऐका. वाळवलेला भोपळा, वेळूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा, आणि वाजवणारा श्वास न तोडता वाजवत असतो व त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी फिरत असते. ध्वनिमुद्रणात तो अर्धाही ऐकू येत नाही. जे कलावंत हयात आहेत त्यांची ध्वनिमुद्रणे शक्य तेव्हा विकत घ्या. तुम्ही दिलेल्या दोन-तीनशे रुपयांचे मोल अशा छोट्या मंडळींना मोठे असते.

राहिला घरचे गाणे सोडल्याचा प्रश्न. तुम्ही तो जगाच्या संगीतामुळे निर्माण झाला असे लिहिले आहे, पण पत्रात एक गोष्ट कुठेच सापडली नाही : तुम्ही वडिलांपाशी शेवटचे कधी बसलात? रात्री हेडफोन लावणे आणि सकाळी तंबोऱ्यापाशी बसणे यांत विरोध नाही. सकाळचे बसणे बंद पडले असेल तर ते तुवामुळे पडलेले नाही. आणि नेमके तुवाचे गाणेच तुम्हाला तिथे परत नेऊ शकेल, म्हणून मी तीन महिन्यांसाठी तोच प्रदेश निवडा म्हणते.

एखाद्या रविवारी सकाळी, घर शांत असताना, वडिलांना तंबोरा मिळवायला सांगा. जवारीचा दोरा, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवायचा धागा, नीट बसला की खर्जाची तार एकटीच छेडा आणि थांबा. षड्जाच्या आत, दोन सप्तके वर, गंधार बोलू लागेल. तो कोणी छेडलेला नाही. वडील त्याला स्वयंभू गंधार म्हणतील आणि लहानपणी तुम्हाला तो ऐकू येईना तेव्हा त्यांनी काय केले तेही कदाचित सांगतील. प्रत्येक तारेत आणि प्रत्येक गळ्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर दडलेले असतात, त्यांतला पाचवा म्हणजे हा गंधार. तुवाच्या खूमेईतला ‘सिगित’ हा प्रकार गाणारा गायक याच उपस्वरांवर गातो. तो एक सूर धरून ठेवतो, जीभ टाळूला लावून तोंडातली पोकळी लहान-मोठी करतो आणि आठवा, नववा, दहावा, बारावा यांपैकी हवा तो उपस्वर एवढा ठळक करतो की धरलेल्या सुराच्या वर शीळ घातल्यासारखी चाल वेगळी ऐकू येते. अकरावा तो बहुधा ओलांडून जातो. तो स्वर असा मध्यम आहे की ना शुद्ध ना तीव्र. एका गळ्यात तंबोराही आणि गाणेही, असे ते आहे.

हे सारे वडिलांना आधी समजावून सांगू नका. करगिरा तर मुळीच लावू नका. सिगितचे एखादे संथ, एकट्या गायकाचे मुद्रण काढून ठेवा, हेडफोन न लावता मध्यम आवाजात सुरू करा आणि त्यांना एवढेच विचारा की या गायकाच्या धरलेल्या सुराला तंबोरा मिळवून द्याल का. ते खुंटीला हात घालतील. तार मिळेपर्यंत मुद्रण चालूच ठेवा, आणि शिळेतले स्वर ते आपण होऊन नावाने ओळखू लागेपर्यंत काही बोलू नका.